सत्तावनच्या युद्धातला पूर्वज शोधताना

“आपले मूळ पुरुष तात्या टोप्यांबरोबर इकडे आले.” जयपूर-अजमेरकडे स्थायिक झालेल्या तुमच्या मराठी घरात हे वाक्य आजोबा-पणजोबांपासून चालत आले असेल, तर त्याला नुसती दंतकथा समजून सोडून देऊ नका. तसेच पुराव्याशिवाय ते वंशावळीत ठामपणे लिहूही नका. ते तपासता येते. हा लेख ते कसे तपासायचे, याविषयी आहे.

वाक्यामागचा इतिहास

२० जून १८५८ रोजी ग्वाल्हेर इंग्रजांच्या हाती गेले. दोनच दिवसांनी जावरा-अलीपूरला पराभव झाला आणि तात्या टोपे, रावसाहेब पेशवे व बांद्याचा नवाब राजपुतान्यात उतरले. त्यांचा रोख जयपुराकडे होता. सवाई रामसिंहांचा दरबार इंग्रजांच्या बाजूला असला, तरी जयपूरची फौज आपल्याकडे वळेल अशी त्यांना आशा होती. पण नसिराबादहून निघालेला जनरल रॉबर्ट्‌स जयपूरला आधी पोहोचला. तात्यांनी दक्षिणेला वळून जुलैत टोंक गाठले. टोंकचा नवाब किल्ल्यात बसून राहिला, मात्र त्याच्या फौजेचा एक भाग तोफांसह तात्यांना मिळाला. ऑगस्टमध्ये भिलवाड्याजवळ आणि मग बनास नदीकाठी लढाया झाल्या. तिथून झालरापाटण, माळवा, नर्मदेपलीकडे धडक, छोटा उदेपूर, बांसवाडा असे करत ही फौज पुन्हा उत्तरेला आली. जानेवारी १८५९ च्या मध्यास जयपूरच्या पूर्वेला दौशाजवळ तिच्यावर छापा पडला आणि २१ जानेवारीला सीकरला ती फुटली. शेकडो जणांनी बिकानेरच्या महाराजांकडे शरणागती पत्करली, बाकीचे वाट फुटेल तिकडे गेले. १८ एप्रिल १८५९ रोजी तात्यांना शिवपुरीला फाशी झाली. रावसाहेब १८६२ पर्यंत लपून होते. त्यांना जम्मूकडे पकडून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कानपूरच्या बाजूला फाशी दिली.

म्हणजे १८५८ च्या पावसाळ्यात आणि पुन्हा पुढच्या जानेवारीत ही फौज जयपूरच्या आसपास फिरली आणि तिथेच विखुरली. तिच्यातला एखादा मराठी माणूस मागे राहिला असेल, ही शक्यता खरीच आहे. तुमचा माणूस त्यातला होता का, हे मात्र कागदानेच ठरेल.

पराभूतांची नावे जिंकणाऱ्यांच्या दफ्तरात

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना पुढे सरकारने निवृत्तिवेतन दिले. त्यासाठी केलेल्या अर्जांत म्हाताऱ्या सैनिकांनी आपली पलटण, लढाया, गाव, बायको, मुले सगळे लिहून दिले. तिकडच्या वंशजांना या फायलींचा मोठा आधार मिळतो. आपल्याकडे युद्ध हरले. ज्यांनी ते लढले त्यांना पेन्शन नव्हती, फाशी होती, काळे पाणी होते, जप्ती होती. म्हणून त्यांनी नावे लपवली, पत्रे जाळली, काहींनी आडनावेही टाकली. त्यांच्या फौजेचे हजेरीपट जवळजवळ उरलेच नाहीत.

या शोधाचे मुख्य सूत्र यातून निघते. आपल्या माणसाचे नाव त्याच्या बाजूच्या कागदात शोधत बसू नका. ज्यांनी त्याला पकडले, ज्यांनी त्याची मिळकत जप्त केली, ज्यांच्याकडे त्याने शस्त्र ठेवले, ज्यांनी त्याला पुढे जमीन दिली आणि ज्यांनी त्याच्या नावाने पिंड पाडले, त्यांच्या दफ्तरात शोधा.

तो तलवार घेऊनच लढला असेल, असेही धरून चालू नका. या फौजेतले बहुसंख्य शिपाई पूरबिये, म्हणजे अवध-बिहारकडचे होते. मराठी माणसे सरदारांत आणि स्वारांत होती, तशीच ती कारकून, बक्षी, वकील, जासूद, वैद्य, ज्योतिषी, आचारी म्हणूनही होती. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ वाचले की त्या धामधुमीत किती प्रकारची मराठी माणसे होती ते कळते. तुमचा पूर्वज शिधा मोजणारा निघाला, तरी पराभवाच्या वाटेवर तो फौजेबरोबर राहिला, ही गोष्ट लहान नाही.

सुरुवात स्वतःपासून

तात्यांपासून खाली येऊ नका, स्वतःपासून वर जा. एका पिढीला तीस वर्षे धरून साधा हिशेब करा. तुमचा जन्म १९८५ चा असेल, तर वडील १९५५ च्या, आजोबा १९२५ च्या, पणजोबा १८९५ च्या आणि खापरपणजोबा १८६५ च्या आसपासचे. सत्तावनात तरुण असलेला माणूस खापरपणजोबांचा बाप किंवा आजोबा ठरतो. घरात “पणजोबा तात्यांबरोबर लढले” असे सांगत असतील, तर मधल्या एकदोन पिढ्या गळल्या आहेत. आधी त्या भरा.

घरातून पुढील गोष्टी गोळा करा :

• श्राद्धाच्या संकल्पातली नावे. बाप, आजा, पणजा ही तीन नावे आणि गोत्र दर वर्षी उच्चारली जातात. घरातल्या सर्वांत वयोवृद्ध पुरुषाने म्हटलेली तीन नावे तुमच्यासाठी पाच-सहा पिढ्यांपर्यंत पोहोचतात. घरच्या गुरुजींकडे जुन्या याद्या असतील तर त्याही उतरवा.

• मूळ पुरुषाची श्राद्धतिथी, आणि ती पाळत नसतील तर का पाळत नाहीत. परागंदा झालेल्या आणि मृत्यूची तिथी न कळलेल्या माणसाचे श्राद्ध बहुधा सर्वपित्रीला घालतात.

• कुलदैवत, कुलाचार आणि देवघरातले टाक. कुलदैवताचे गाव मूळ प्रदेशाकडे बोट दाखवते.

• आत्या, मावशा, माहेरवाशिणी काय सांगतात. लग्न कुठल्या घराण्याशी झाले, मुली ग्वाल्हेरला दिल्या की सागरला, हे त्यांनाच पाठ असते आणि त्यावरून घर आधी कुठे होते ते कळते.

• जुने दस्तऐवज : खरेदीखत, पट्टा, पत्रिका, बाडे, पोथ्या. पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि शक अनेकदा असतो.

मोबाइलवर बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि सांगणाऱ्याने ते कोणाकडून ऐकले तेही विचारा. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, त्याचे लॅमिनेशन करू नका. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन तो सपाट, कोरड्या जागी ठेवा.

घर नेमके कधी आले?

जयपुरातले प्रत्येक जुने मराठी घर सत्तावनचे नाही. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये हे शहर वसवले. त्यांच्या पदरी महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांचे गुरू रत्नाकर पुंडरीक आणि ज्योतिषी सम्राट जगन्नाथ ही त्यांतली प्रसिद्ध नावे. ब्रह्मपुरीत आजही पुंडरीकांची हवेली उभी आहे. पुढे मराठ्यांच्या मोहिमा आल्या : १७८७ ची तुंगाची लढाई, १७९० ची पाटणची, १८०० ची मालपुऱ्याची. अजमेर तर १८१८ पर्यंत शिंद्यांच्या ताब्यात होते. आणि विसाव्या शतकात रेल्वे, बँका, शाळा, सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांमुळे आलेली घरे वेगळीच.

म्हणून राजस्थानातला तुमच्या घराचा सर्वांत जुना कागद कोणत्या सालचा, हे आधी निश्चित करा. तो १८५७ च्या आधीचा निघाला, तर मूळ पुरुष तात्यांबरोबर ‘आला’ नव्हता. तो आधीच इथे असून नंतर फौजेला मिळाला असेल, तर शोधाची दिशाच बदलते.

घर १८५८-५९ मध्ये आलेले दिसले, तर पुढचा प्रश्न : त्याआधी कुठे? उत्तरेत मराठी वस्तीची ठिकाणे ठरलेली होती. दुसरे बाजीराव १८१८ नंतर कानपूरजवळ बिठूरला गेले आणि त्यांच्यामागे मोठा परिवार गेला. विनायकराव पेशव्यांचे घराणे चित्रकूटजवळ करवीला होते. शिवाय झाशी, जालौन, गुरसराय, काल्पी, बांदा, सागर आणि अर्थात ग्वाल्हेर. यांपैकी एका गावावर बोट ठेवता आले की अर्धे काम झाले.

शक, संवत आणि वद्य पक्ष

मराठी कागदात शालिवाहन शक असतो, राजस्थानी कागदात विक्रम संवत. शकात १३५ मिळवले की संवत येतो. तात्यांची फौज राजपुतान्यात आली तेव्हापासून सीकरच्या लढाईपर्यंतचा सगळा काळ शके १७८० मध्ये, म्हणजे चैत्रापासून मोजलेल्या संवत १९१५ मध्ये येतो. राजस्थानातल्या काही दरबारांचे हिशेबी वर्ष मात्र पावसाळ्यात बदलत असे, त्यामुळे संवत १९१४ चे बस्तेही मागवून पाहा.

याहून जास्त घोटाळा वद्य पक्षात होतो. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच राहते, वद्य पक्षात ते एका महिन्याने पुढे जाते. आपली माघ वद्य अष्टमी म्हणजे तिकडची फागण बदी अष्टमी. घरात पाळलेली तिथी आणि दरबारी कागदातली तिथी महिन्याने चुकते आहे असे वाटले, तर आधी हे तपासा. दोन्ही एकाच दिवशी पडतील.

गावांच्या नावांतही अशीच सावधगिरी हवी. तात्यांच्या हालचालींत ‘सांगानेर’ येते ते भिलवाड्याजवळचे. जयपूरला लागून असलेले, छापील कापडासाठी प्रसिद्ध असलेले सांगानेर वेगळे. नावावरून घाईने नाते जोडू नका.

कागद कुठे कुठे आहेत

*राजस्थान राज्य अभिलेखागार.* मुख्य कचेरी बिकानेरला, शाखा जयपूरसह इतर शहरांत. जयपूर संस्थानाच्या कागदांत ‘दस्तूर कौमवार’ ही मालिका वंशशोधकाने सर्वांत आधी पाहावी. दरबाराने कोणाला कोणत्या प्रसंगी काय दिले, त्याच्या नोंदी तिथे जातीजमातीनुसार लावल्या आहेत. त्याखेरीज खरीते, अर्जदास्ती आणि वकिलांचे अहवाल आहेत. या कागदांत मराठ्यांना ‘दखणी’ किंवा ‘दिखणी’ म्हटलेले सापडते, म्हणून सूचीत ‘मराठा’ एवढेच शोधून थांबू नका. बराच मजकूर ढुंढाडी वळणाच्या देवनागरीत आहे. थोड्या सरावाने तो वाचता येतो. कोणती मालिका कुठल्या शाखेत आहे आणि कोणती संगणकावर पाहता येते, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

घराला जयपूर राज्यात जमीन मिळाली असेल, तर मोठा धागा हाती लागतो. ब्राह्मणांना दिलेल्या ‘उदक’ जमिनी, इनामे आणि जहागिरी यांचा धारक वारला की वारसाला दरबाराची मान्यता घ्यावी लागे. जयपुरात त्याला ‘मातमी’ म्हणत. मातमीच्या मिसलीत वारसांचा क्रम येतो, कधी मूळ देणगीचे सालही येते. १९५२ च्या कायद्याने राजस्थानातल्या जहागिरी खालसा झाल्या, तेव्हा भरपाईसाठी झालेल्या कामकाजातही जुने पट्टे आणि वारसांचे तपशील दाखल झाले. ज्या माणसाने १८५९ मध्ये नाव लपवले, त्याचा नातू जमिनीच्या अर्जात आजोबांचे नाव सांगतो. तो अर्ज शोधा.

*राष्ट्रीय अभिलेखागार, दिल्ली.* हे जनपथावर आहे. राजपुताना एजन्सीचे आणि परराष्ट्र खात्याचे कागद इथे आहेत. तात्यांच्या पाठलागाचे अहवाल, शरण आलेल्यांविषयीचा पत्रव्यवहार आणि कैद्यांच्या जबान्या यांत सामान्य माणसांची नावे येतात. इंग्लंडच्या राणीच्या १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने, खुनाचा आरोप नसलेल्यांना १ जानेवारी १८५९ पूर्वी शरण आल्यास माफी देऊ केली होती. त्यामुळे या दोन महिन्यांचे आणि त्यानंतरच्या वर्षभराचे कागद विशेष लक्ष देऊन पाहावेत. या संस्थेचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येते. तात्यांनी १० एप्रिल १८५९ रोजी दिलेली जबानी छापलेली आहे. तिच्यातली ठिकाणे आणि बरोबरच्या माणसांची नावे आधी उतरवून घ्या.

पुढच्या वर्षांतल्या फायलीही सोडू नका. फरारी नानासाहेब पेशव्यांचा शोध वर्षानुवर्षे चालला होता. १८६३ मध्ये अजमेरला एका माणसाला नानासाहेब समजून पकडले होते, तो नानासाहेब नव्हता. अशा चौकशांत ओळख पटवण्यासाठी अनेकांच्या साक्षी घेतल्या जात आणि त्यांत त्या भागातल्या मराठी माणसांची माहिती येऊन जाते.

*उत्तर प्रदेशातली अभिलेखागारे.* बिठूर, काल्पी, झाशी, बांदा यांपैकी गाव ठरले असेल तर लखनौ आणि प्रयागराजची दफ्तरे पाहा. जिल्हा कचेऱ्यांतले सत्तावनचे ‘म्युटिनी बस्ते’ तिथे जपलेले आहेत. जप्त झालेली घरे, खटले, बक्षिसासाठी दिलेली खबर यांत नाव सापडू शकते. त्याआधी रिझवी आणि भार्गव यांनी संपादित केलेले ‘फ्रीडम स्ट्रगल इन उत्तर प्रदेश’चे सहा खंड एखाद्या चांगल्या ग्रंथालयात चाळा. राजस्थानापुरते नथूराम खडगावत यांचे सत्तावनातल्या राजस्थानाविषयीचे इंग्रजी पुस्तक वाचा. ते अभिलेखागाराच्याच कागदांवर उभे आहे.

*ग्वाल्हेर आणि भोपाळ.* मूळ पुरुष शिंद्यांच्या चाकरीतला असेल, तर मध्य प्रदेशच्या पुराभिलेख खात्याकडे चौकशी करा. जून १८५८ मध्ये शिंद्यांच्या फौजेतले बरेच लोक तात्यांकडे गेले होते.

*पुणे.* घराणे मुळात कोकणातले, देशावरचे की खानदेशातले, हे ठरवायला पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही दोन ठिकाणे महत्त्वाची. इनाम कमिशनपुढे वतनदारांनी दिलेल्या कैफियतींत वंशावळी आहेत, आणि “अमुक भाऊ हिंदुस्थानात गेला” अशी एक ओळदेखील तुमची साखळी जोडू शकते. कागद मोडीत आहेत. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. घरातल्या एकाने तरी मोडी शिकावी, असे मी आग्रहाने सांगेन. तुमच्या आडनावाचा छापील कुलवृत्तांत असेल तर त्यात वंश न सापडलेल्या, ‘उत्तरेत गेले’ म्हणून सोडलेल्या शाखा पाहा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

सरकारी दफ्तरात नाव नसले तरी तीर्थावर असू शकते. हरिद्वार, पुष्कर, गया, काशी, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. हरिद्वारच्या काही वह्यांचे चित्रीकरण फॅमिलीसर्च या वंशशोध संस्थेने केले आहे. वह्या बहुधा मूळ गाव आणि ज्ञाती यांवर लावलेल्या असतात, म्हणून “आम्ही जयपूरचे” असे सांगून पान निघेलच असे नाही. मूळ गाव, आडनाव, गोत्र सांगा. उपाध्यायांना दक्षिणा द्या, वेळ द्या आणि छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी मागा.

पान निघाले की नाव वाचून थांबू नका. कोण कोणाबरोबर आला, कोणाच्या अस्थी आणल्या, गाव कोणते सांगितले, सही मोडीत आहे की नागरीत, सगळे टिपा. सीकरनंतरच्या सालात मूळ पुरुषाची स्वतःची सही निघाली, तर तो त्या लढाईनंतर जिवंत होता हे सिद्ध होते. एका पानावर ‘बिठूर’ आणि पुढच्या पिढीच्या पानावर ‘सवाई जयपूर’ असेल, तर घराचे स्थलांतर कोणत्या दोन सालांच्या मध्ये झाले ते कळते.

नाव कसे बदलते

उत्तरेतल्या मुन्शीने मराठी नाव कानाला आले तसे लिहिले आणि इंग्रज कारकुनाने त्यावरून पुन्हा आपल्या कानाने. विनायकचा बिनायक, वासुदेवचा बासदेव, लक्ष्मणचा लछमन, कृष्णाजीचा किशनजी होतो. आडनाव बहुतेक वेळा नसतेच. त्याच्या जागी पंडित, राव, पंत किंवा नुसते ‘दखणी ब्राह्मण’ असते. शोधण्यापूर्वी नावाची होतील तितकी रूपे कागदावर लिहा आणि प्रत्येक रूप बापाच्या नावासह शोधा. बापाचे नाव जुळले नाही, तर ‘गोविंद पंडित’ या नावाचा माणूस तुमचा आहे असे मानू नका. त्या काळी असे अनेक होते.

हुतात्म्यांच्या छापील कोशांबाबत एक खुलासा. भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेने १८५७ ते १९४७ या काळातल्या हुतात्म्यांचा इंग्रजी कोश काढला आहे. तो अवश्य पाहा, पण त्यात मृत्यू पावलेल्यांचीच नोंद असते. तुमचा पूर्वज जगला, लपला आणि त्याने संसार थाटला. तो त्यात नसणे हा त्याच्या विरुद्धचा पुरावा होत नाही.

किती पुरावा पुरेसा?

वहीत तीन रकाने आखा : घरात सांगतात ते, कागदात आहे ते, आणि या दोन्हींवरून मी काढलेले अनुमान. प्रत्येक ओळीपुढे सांगणाऱ्याचे नाव किंवा दफ्तर, मालिका, बस्ता व पान क्रमांक लिहा. मग निष्कर्ष तीन पायऱ्यांनी मांडा.

त्या वेळच्या कागदात बापाच्या नावासह माणूस फौजेबरोबर दिसला आणि तिथून तुमच्यापर्यंत एकही पिढी न तुटता साखळी जुळली, तर ‘सिद्ध’ म्हणा. घर १८५८ पूर्वी बिठूर किंवा झाशीला आणि १८५९ नंतर जयपुराकडे दिसते, पण फौजेत नाव नाही, तर ‘संभवनीय’ म्हणा. नुसती सांगोवांगी असेल, तर ‘परंपरा’ म्हणून ती सांगणाऱ्याच्याच शब्दांत जपा. या तिन्ही पायऱ्यांना मान आहे. खालच्या पायरीवरची गोष्ट वरच्या पायरीवर चढवणे मात्र पूर्वजावर अन्याय करणारे आहे. लपून जगलेल्या माणसाला आपण पुन्हा खोट्या नावाने जगायला लावतो.

शोध दुसरीच दिशा दाखवेल, तेही स्वीकारा. मूळ पुरुष जयपूर दरबाराच्या बाजूने उभा होता असे निघेल, किंवा तो १८८० मध्ये नोकरीसाठी आला असे निघेल. जे निघेल ते लिहा.

जे लिहाल ते घरातच ठेवू नका. सुटसुटीत वंशवृत्तांत तयार करा, त्यात तिन्ही रकाने प्रामाणिकपणे दाखवा, आणि कागदांच्या छायाचित्रांसह एक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला, एक जवळच्या महाराष्ट्र मंडळाला, एक भावकीतल्या प्रत्येक घराला द्या. दौसा आणि सीकरनंतर विखुरलेल्या त्या फौजेची यादी कुठल्याच एका दफ्तरात नाही. ती जमेल तर अशा घराघरांतल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवूनच जमेल. एका घराच्या वहीतले ‘बरोबर आलेले दोघे’ दुसऱ्या घराचे हरवलेले मूळ पुरुष असू शकतात. म्हणून या सुट्टीत घरातल्या सर्वांत मोठ्या माणसापाशी बसा, संकल्पातली तीन नावे लिहून घ्या आणि कामाला लागा. कागद टिकतील, पण ती नावे पाठ असलेली माणसे फार काळ थांबणार नाहीत.